नॅनो युरिया फवारताय? एक पट्टा नुसत्या पाण्याचा ठेवा

नॅनो युरिया म्हणजे पानांवर फवारायचा द्रवरूप युरिया; त्याची अर्ध्या लिटरची बाटली युरियाच्या गोणीची जागा घेते, असा दावा केला जातो. पीक हिरवंगार दिसलं एवढ्यावर भुलू नका. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असतं. नॅनोच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ते ग्रॅममध्येच. म्हणून एकाच वावरात तीन पट्टे आखा: पूर्ण युरिया, अर्धा युरिया आणि नॅनोची फवारणी, अर्धा युरिया आणि नुसत्या पाण्याची फवारणी. हा तिसरा पट्टाच बहुतेकजण गाळतात, आणि खरं उत्तर तर तिथेच मिळतं: दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यातला फरक, तोच नॅनोचा. कडेच्या दोन ओळी सोडून प्रत्येक पट्ट्याचं धान्य वेगळं तोला.

मातीतले जिवाणू सुती कापड खातात; त्यांचं काम तपासायला प्रत्येक पट्ट्यात जुन्या सुती धोतराचा वीतभर तुकडा चार बोटं खोल पुरा, वर काडी रोवा. ओलावा सगळीकडे सारखा हवा. दोन महिन्यांनी हलक्या हाताने उकरा. जिथे नुसते दोरे हाती लागतील, तिथे जिवाणूंचं काम जोरात चाललंय.