जळगावात घराची खोली पाहुण्यांना देताना

अजिंठ्याला निघालेले पर्यटक जळगावात उतरतात, म्हणून रिकामी खोली रोजाने देण्याचा विचार येतोच. आधी पर्यटन संचालनालयाच्या ‘न्याहारी व निवास’ योजनेत नोंदणीसाठी अर्ज करा. जळगावसह खान्देशचे तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात, म्हणून अर्ज तिथल्या कार्यालयाकडे. मालकीचा पुरावा जोडा आणि स्वतः त्याच घरात राहा. बंद फ्लॅट या योजनेत बसत नाही. सोसायटी असेल तर ना-हरकत पत्र लेखी घ्या. तोंडी होकार पहिल्या भांडणात विरतो.

खरी चूक परदेशी पाहुण्याच्या बाबतीत होते. तो आल्यापासून 24 तासांत पासपोर्ट-व्हिसाची माहिती ऑनलाइन भरावी लागते (हाच पूर्वीचा ‘सी-फॉर्म’). एकच रात्र राहणार म्हणून टाळलं, तरी कारवाई होऊ शकते. त्यासाठी लॉगिन आधीच काढून ठेवा. पाहुणा दारात असताना ते मिळत नाही. भारतीयांचं ओळखपत्र पाहून वहीत नोंद करा.

वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. भरीत-भाकरी विकायची तर अन्न सुरक्षा नोंदणी वेगळी. आणि सोमवारी लेणी बंद असतात, हे बुकिंग घेतानाच सांगा.