रुग्णवाहिका येईपर्यंत: छोट्या वस्तीत मदतगट कसा जमवावा

छोट्या वस्तीत रुग्णवाहिका लगेच दारात येत नाही. मधली मिनिटं शेजाऱ्यांनाच सांभाळावी लागतात. आमचा गट जमवताना मी आधी तीस नावांची लांबलचक यादी केली. पहिल्या हाकेला आले दोघं! तेव्हापासून नाव लिहिताना एकच विचारतो, "मंगळवारी दुपारी कुठे असता?" दुपारी घरी असणारी पाच माणसं मिळाली की निम्मं काम झालं. निवृत्त मंडळींना कमी लेखू नका.

हृदय बंद पडलं तर छाती दाबण्याचा, म्हणजे सीपीआरचा, सराव मात्र प्रशिक्षकाकडूनच करून घ्या. माणूस बेशुद्ध आहे आणि श्वास नीट चालत नाही, तर आधी मदतीसाठी फोन. मग तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मध्यभागी, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. लोक नेमकं हेच विसरतात, अंगाचा भार तसाच ठेवतात. दर २ मिनिटांनी माणूस बदला. "मी दमलो नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. दाब उथळ झालेला त्याला कळतच नाही.

एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, असेल तर कुलपात ठेवू नका. आमचं होतं, आणि किल्लीवाला परगावी! आता छातीवर चिकटवायच्या पॅडची मुदत आणि बॅटरीचा दिवा दर महिन्याच्या १ तारखेला मीच बघतो.

आणि एकाला वळणावर उभं करा, वाट दाखवायला. रात्री हातात टॉर्च.