कमोडोर ६४ साठी मराठी रोल-प्लेइंग गेम: आधी बाइटचा हिशेब, मग गोष्ट

सगळ्यात आधी चौकटीची वही काढा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ६४ चौकोन आखलेले आहेत, एकेक चौकोन एक किलोबाइटचा. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाला एवढीच मेमरी आहे. गाव, डोंगर, लढाई, संवाद, संगीत, सगळं त्यातच बसवायचं. माझे पहिले दोन खेळ अर्धवट राहिले ते इथेच. गोष्ट आधी फुगली आणि जागा नंतर मोजली.

जुन्यांनी काय केलं ते बघा. १९८५ च्या अल्टिमा ४ या रोल-प्लेइंग गेममधलं जग २५६ बाय २५६ घरांचं. घराला एक बाइट धरला तरी ६५,५३६ बाइट होतात, म्हणजे अख्खी मेमरी नुसत्या नकाशात संपली. म्हणून नकाशा फ्लॉपीवर ठेवायचा आणि खेळाडू असेल तिथले तुकडेच मेमरीत आणायचे.

माझ्या खेळात एक जासूद पत्रांची थैली घेऊन घाटमाथ्यावरून कोकणात उतरतो. जग १२८ बाय १२८ घरांचं ठेवलंय, ३२ बाय ३२ चे सोळा तुकडे. एक तुकडा एक किलोबाइटचा, एका वेळी मेमरीत चार. वहीतले चार चौकोन भरले, विषय संपला. १५४१ हा कमोडोरचा फ्लॉपी ड्राइव्ह नेहमीच्या पद्धतीने सेकंदाला सुमारे ४०० बाइट वाचतो, तेव्हा एक तुकडा यायला अडीच सेकंद लागतात. ही अडीच सेकंदं लपवू नका. तुकड्यांच्या हद्दी मी खिंडीत आणि नदीच्या उताराजवळ ठेवल्या आहेत. तिथे चालणारा माणूस तसाही दम खायला थांबतो.

आता पडदा. चित्र काढणाऱ्या व्हीआयसी चिपला एका वेळी १६ किलोबाइटच दिसतात. मी सगळ्यात वरचा भाग वापरतो. त्यासाठी ५६५७६ या पत्त्यावरच्या बाइटमधले खालचे दोन बिट शून्य करायचे (पुढचे असे पाच आकडी क्रमांकही पत्तेच आहेत). स्क्रीन ४९१५२ वर, एक कॅरेक्टर सेट (चिन्हांच्या आकृत्यांचा संच) ५७३४४ वर आणि दुसरा ५९३९२ वर. हे दोन्ही सेट कर्नल रॉमच्या, म्हणजे मशीनमधल्या कायमच्या मूळ प्रोग्रामच्या, खालच्या रॅममध्ये (त्याच पत्त्यांवर) जातात. रॉम चालू असतानाही लिहिलेलं खालच्या रॅममध्येच पडतं, आणि व्हीआयसीलाही तिथे रॅमच दिसते. म्हणजे एरवी अडगळीत पडलेली जागा कामाला येते.

दोन सेट कशाला? एका सेटमध्ये २५६ चिन्हंच मावतात, आणि झाडं, वाडे, कडे हे सगळं देवनागरीसोबत त्यात कोंबता येत नाही. मी पडद्याच्या वरच्या १६ ओळी नकाशाला दिल्या, मधली एक कोरी, खालच्या ८ ओळी मजकुराला. रास्टर इंटरप्ट (पडदा ठरलेल्या रेषेपर्यंत काढून झाला की चालू काम थांबवून आपला कोड चालवणारी सोय) १७९ व्या रेषेवर लावून ५३२७२ मध्ये ८ ऐवजी १० भरायचे. तळाला २५२ व्या रेषेवर पुन्हा ८. कोऱ्या ओळीत बदल केल्यामुळे वेळ थोडी मागेपुढे झाली तरी डोळ्याला कळत नाही. फक्त कोरं चिन्ह दोन्ही सेटमध्ये एकाच क्रमांकावर हवं. नकाशा मल्टिकलर मोडमध्ये (रंग जास्त, पण ठिपके दुप्पट रुंद) असला तरी अक्षरांना ० ते ७ मधला रंग दिला की ती बारीक ठिपक्यांतच उमटतात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. फ्लॉपी वाचताना मात्र कर्नल मधूनमधून इंटरप्ट थांबवतो आणि पडदा लुकलुकतो. तेवढ्या वेळापुरता नकाशा पुसून पूर्ण पडदा मजकुराच्या सेटवर ठेवा.

मराठी अक्षरांवर माझे सात महिने गेले, आणि मला या कामातला सगळ्यात प्रिय भाग तोच आहे. आठ बाय आठ ठिपक्यांत 'कै' बसवून बघा. मात्रा बसवली तर क चिरडतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एकाखाली एक अशी दोन चिन्हं दिली. पण तरी के, कै, कं, र्क अशी प्रत्येक जोडी वेगळी काढली तर २५६ चिन्हं 'ग' पर्यंतच संपतील.

वाट माझ्या आत्याने दाखवली. ती तहसील कचेरीत मराठी टायपिस्ट होती. माझा कागद बघून म्हणाली, "अरे, आमच्या मशीनवर काही कळा दाबल्या तरी गाडा सरकायचा नाही. अक्षर वेगळं, वरचं वेगळं. तू दोन्ही एकत्र कशाला कोरतोयस?" त्या रात्री मी शिरोरेषा वरच्या चिन्हाच्या अगदी शेवटच्या ओळीत ओढली. वरच्या चिन्हात नुसती शिरोरेषा आणि तिच्यावरचं जे काही असेल ते: मात्रा, अनुस्वार, रफार, वेलांटीची कमान. अशी वीसेक चिन्हं पुरतात. खालच्या चिन्हात अक्षराचं अंग. आता क एकदाच कोरायचा आणि त्याच्यावर टोपी बदलत राहायची. उकार खालून लागतात, तेव्हा कु, तु, सु असे नेहमीचे तेवढे वेगळे काढले. जोडाक्षरांसाठी अर्धी अक्षरं आहेत. शिरोरेषा घराच्या दोन्ही कडांना टेकली पाहिजे, नाहीतर शब्द तुटक दिसतो.

युनिकोडमधला मजकूर या क्रमांकांत बदलायचं काम पीसीवर पायथनच्या छोट्या प्रोग्रामने करा, बिचाऱ्या १ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर टाकू नका. इथे माझा 'स्थिती' शब्द फसला होता. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी 'थ' च्या नंतर येते, पडद्यावर ती आख्ख्या जोडाक्षराच्या आधी हवी. माझ्या प्रोग्रामने ती फक्त एक अक्षर मागे नेली आणि ती अर्ध्या स च्या आणि थ च्या मध्ये घुसली. रफाराचं उलटं आहे: 'मार्ग' मध्ये र आधी साठवला जातो आणि दिसतो ग च्या डोक्यावर. हे दोन नियम आधी लिहा, बाकीचं नंतर.

मजकुराच्या आठ ओळींत मराठीच्या चारच बसतात. माझ्या खेळात एका वेळी वीस-बावीस शब्द मावतात. त्यामुळे संवाद बोलण्यासारखे आखूड लिहा. 'आहे', 'नाही', 'म्हणाला' अशा वारंवार येणाऱ्या शब्दांना एकेक बाइटचा क्रमांक द्या.

लढाईचे नियम साधे ठेवा. या प्रोसेसरला गुणाकार-भागाकार येत नाहीत. दुप्पट, निम्मे आणि तयार तक्ते एवढ्यावर भागवा. जासूदाचा दम ९९ पर्यंतच ठेवला आणि प्रोसेसरच्या डेसिमल मोडमध्ये (बाइटमध्ये दोन दशमान अंक धरून) मोजला तर पडद्यावर आकडा दाखवायला वेगळं गणित लागत नाही. पण इंटरप्टच्या सुरुवातीला तो मोड बंद करायला विसरू नका, नाहीतर चुकीची बेरीज नेमकी कुठे झाली हे शोधत बसाल. फाशांसाठी आवाजाची सिड चिप आहे. ५४२८६ आणि ५४२८७ मध्ये २५५, ५४२९० मध्ये १२८ भरा आणि ५४२९९ वाचत राहा, दरवेळी नवा आकडा.

नकाशा काढणं आणि इंटरप्ट असेम्ब्लीत (थेट प्रोसेसरच्या सूचनांत) लिहा. संवाद, सामान, पत्रं कोणी कोणाला दिली याची नोंद सीसी६५ हा कंपायलर वापरून सी भाषेत लिहिली तरी चालते. व्हाइस इम्युलेटरमध्ये (पीसीवर कमोडोरची नक्कल करणारा प्रोग्राम) मशीन पाल या टीव्ही पद्धतीचं ठेवा आणि ड्राइव्हची खरी नक्कल चालू ठेवा, नाहीतर फ्लॉपीचा वेग खोटाच वाटेल.

सेव्हच्या दोन फाइली ठेवा आणि आलटून पालटून लिहा. ऐन सेव्ह होताना आमच्याकडे लाइट गेली आणि आठ तासांचा खेळ गेला, तेव्हापासून मी प्रत्येक फाइलच्या शेवटी सगळ्या बाइटची बेरीज लिहितो. उघडताना बेरीज जुळली नाही तर दुसरी फाइल घ्यायची.

खरं मशीन मिळालं तर त्याचा जुना पॉवर सप्लाय लावू नका. आतला रेग्युलेटर गेला की ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्टेज येतं आणि रॅम जळते. नवा सप्लाय घ्या, आणि आधी मल्टिमीटर लावा. माझं मशीन मावसभावाने जर्मनीहून आणलं. जुन्या टीव्हीला जोडलं तेव्हा माझे सगळे काने फिके, पुसल्यासारखे दिसले. एका ठिपक्याची उभी रेघ अशा टीव्हीवर टिकत नाही. कमोडोरच्या स्वतःच्या अक्षरांतही उभ्या रेघा दोन ठिपक्यांच्या असतात, त्या यासाठीच. मी सगळे काने जाड करून घेतले. त्यात ग, म, स निभावले. ळ ला मात्र आठ ठिपक्यांत दोन वेटोळी आणि जाड रेघ दोन्ही झेपत नाही, त्यामुळे 'डोंगराळ' मधल्या शेवटच्या अक्षरासाठी सध्या मी दोन घरं खर्च करतोय.