आरसिंकचे ऑप्शन: एंटर दाबण्याआधी काय वाचायचं

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात जकार्डच्या (विणून काढायच्या नक्षीच्या) डिझाइन फाइली लिनक्सच्या मशीनवर आहेत आणि रोज संध्याकाळी त्या बाहेरच्या डिस्कवर घ्यायच्या आहेत. हाताशी कुणीतरी लिहून दिलेली आरसिंकची कमांड आहे. आरसिंक म्हणजे एका जागच्या फाइली दुसरीकडे कॉपी करणारा प्रोग्राम, आणि --डिलीट म्हणजे मूळ जागी नसलेलं बॅकअपमधून पुसणं:

आरसिंक -ए --डिलीट डिझाइन/ बॅकअप/

यातली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे ‘डिझाइन’नंतरची तिरकी रेघ. रेघ असली की फोल्डरच्या आतलं सगळं थेट बॅकअपमध्ये उतरतं. नसली की बॅकअपच्या आत ‘डिझाइन’ नावाचं फोल्डर तयार होतं. रेघ आणि --डिलीट एकत्र आले आणि बॅकअपमध्ये शेजारी हिशेबाचं फोल्डर असलं, तर तेही साफ. मूळ जागी ते नाही, एवढं कारण पुरतं. रेघ काढा, म्हणजे पुसापुशी ‘डिझाइन’पुरतीच राहते. वर --मॅक्स-डिलीट=50 लावलं तर 50 च्या पुढे काही पुसलं जात नाही.

आधी -एनआय जोडून चालवा. एन म्हणजे रंगीत तालीम, डिस्कवर काहीच बदलत नाही. आय बदलणाऱ्या प्रत्येक फाइलमागे 11 खुणांची ओळ छापतो:

>एफ+++++++++ नवी फाइल
>एफ.एसटी...... आकार आणि वेळ दोन्ही बदलले
>एफ..टी...... फक्त वेळ वेगळी
\*डिलीटिंग ही फाइल जाणार

डिलीटिंगच्या ओळी एकेक करून वाचा. बाकीच्यांवर नजर फिरवली तरी चालतं.

रोज न बदललेल्या बऱ्याच फाइलींपुढे नुसता ‘टी’ दिसतोय? डिस्क बहुधा फॅट32 (डिस्कवर फाइली मांडण्याची एक जुनी पद्धत) आहे. तिथे वेळ 2 सेकंदांच्या टप्प्यांत साठते, म्हणून आरसिंकला फाइल बदललेली वाटते आणि ती पुन्हा कॉपी होते. --मॉडिफाय-विंडो=1 द्या, म्हणजे एका सेकंदाचा फरक सोडून दिला जातो. अशा डिस्कवर -ए ऐवजी -आरटी (आतल्या फोल्डरांसह कॉपी, वेळ जपून) बरा. -ए ही आर, एल, पी, टी, जी, ओ आणि मोठा डी यांची मोट आहे. त्यातली मालकी आणि परवानग्या फॅटवर टिकत नाहीत, आणि अनेकदा शेवटी एरर कोड 23 (कॉपी अर्धवट झाली) मिळतो. 4 जीबीची फाइल तिथे मावतच नाही.

छोटं-मोठं अक्षर सांभाळा: छोटा एच आकडे वाचण्याजोगे करतो, मोठा एच हार्ड लिंक (एकाच फाइलची अनेक नावं) जपतो. -झेड (पाठवताना डेटा दाबून लहान करणं) जागच्या जागी, म्हणजे एकाच मशीनवरच्या कॉपीला निरुपयोगी.

मध्येच लाइट गेली तर टिंबाने सुरू होणारी, शेवटी सहा अक्षरं चिकटलेली अर्धवट फाइल मागे राहते. ती खुशाल पुसा.