एटीएवर आवाज तुटतो, घुमतो, खरखरतो? या चुका टाळा

साधा टेलिफोन इंटरनेटवर चालवणारा छोटा डबा, म्हणजे एटीए, घरात किंवा दवाखान्यात वर्षानुवर्षं मुकाट चालतो. एखाद दिवशी आवाज बिघडतो आणि पहिली चूक तिथेच होते. कोडेक (आवाज आकड्यांत बांधायची पद्धत) बदलला, जिटर बफर (मागेपुढे येणारे आवाजाचे तुकडे थोडं थोपवून ओळीने वाजवणारी जागा) वाढवला, नवं फर्मवेअर (डब्यातलं सॉफ्टवेअर) चढवलं, सगळं एकाच बैठकीत. मग आवाज सुधारला तरी कशामुळे ते कळत नाही, आणि आणखी बिघडला तर मागे फिरता येत नाही. सध्याच्या सेटिंगचा बॅकअप घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

त्याहीआधी एक प्रश्न विचारा: खराब ऐकू कोणाला येतंय? तुम्हाला समोरच्याचा आवाज तुटक येत असेल तर दोष येणाऱ्या बाजूचा. समोरचा "हॅलो, तुमचं तुटतंय" म्हणत असेल आणि तुम्हाला त्याचं स्वच्छ ऐकू येत असेल, तर दोष जाणाऱ्या बाजूचा, म्हणजे तुमच्या अपलोडचा. घरगुती कनेक्शनवर बहुतेक वेळा हाच दुसरा प्रकार निघतो.

स्पीड टेस्ट बघून निर्धास्त होणं

जी.711 कोडेकवर एका कॉलला दर 20 मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला 50 पॅकेट (आवाजाचे छोटे तुकडे) जातात. आवाज 64 केबीपीएस, हेडर (प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता वगैरे) धरून इथरनेटवर एका दिशेला साधारण 87 केबीपीएस. एवढं तर कुठलंही कनेक्शन देतं. अडचण वेगाची नसते, रांगेची असते. समजा अपलोड 2 एमबीपीएस आहे आणि घरातल्या मोबाईलने फोटोंचा बॅकअप सुरू केला. राउटरमधला 256 केबीचा बफर भरला की तो रिकामा व्हायला सुमारे एक सेकंद लागतो, आणि आवाजाची पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभी राहतात.

तपासणं सोपं आहे. कॉम्प्युटरवरून सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरला पिंग (जाऊन-येऊन किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) सुरू ठेवा आणि मोठी फाइल अपलोडला लावा. 20 मिलिसेकंदांचा पिंग 300 वर गेला तर चोर सापडला.

उपाय राउटरवर आहे, एटीएवर नाही. क्यूओएस किंवा एसक्यूएम (कोणाला आधी सोडायचं आणि रांग छोटी कशी ठेवायची ते बघणारी सोय) चालू करा आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या 85 ते 90 टक्के ठेवा. एफक्यू-कोडेल किंवा केक या रांग आवरणाऱ्या पद्धतींचा पर्याय असेल तर तोच निवडा. नुसतं क्यूओएसवर टिक करून मर्यादा लाइनच्या वेगापेक्षा जास्त ठेवली, तर रांग पुढच्या ओएनटीमध्ये (फायबर ज्यात येते त्या कंपनीच्या डब्यात) लागते आणि काहीच बदलत नाही. एटीएमध्ये डीएससीपी 46 (पॅकेटवरची आधी सोडा अशी खूण) असू द्या, पण इंटरनेट कंपनीच्या नेटवर्कमध्ये त्याला मान मिळेलच असं धरू नका. आणि एटीए वायफाय रिपीटरच्या मागे असेल तर आधी सरळ केबल ओढा, बाकी सगळं नंतर.

जिटर बफर आणि कोडेकशी खेळत बसणं

बफर मोठा केला की उशिरा येणाऱ्या पॅकेटना वेळ मिळतो, पण तेवढाच विलंब वाढतो. एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा असं आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेचं जी.114 मानक सांगतं, तो फार वाढला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. ॲडॅप्टिव्ह प्रकार आणि मधली पातळी पुरते. हरवलेलं पॅकेट मात्र कुठलाही बफर परत आणत नाही.

जी.729 "हलका" म्हणून लावला जातो. आवाजाचे 8 केबीपीएस खरे, पण हेडर तेवढेच राहतात आणि पॅकेटही 50च. शिवाय एक पॅकेट गेलं की तो जास्त खडबडतो, आणि त्यावर फॅक्स चालत नाही. फायबरवर पहिला क्रम जी.711 ए-लॉला द्या. अमेरिकेतल्या सेवेसाठी त्याचाच म्यू-लॉ प्रकार. शब्दांची सुरुवात कापली जात असेल तर सायलेन्स सप्रेशन (शांतता असताना पॅकेट न पाठवण्याची सोय) बंद करा.

एकतर्फी आवाजाला "नेटवर्क खराब" म्हणणं

एकालाच ऐकू येतं, किंवा कॉल साधारण 32 सेकंदांनी हटकून कटतो, तर बँडविड्थ तपासण्यात वेळ घालवू नका. हे नॅटचं, म्हणजे घरातले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलणाऱ्या राउटरमधल्या सोयीचं काम आहे. राउटरमधलं सिप एएलजी (कॉल जोडणाऱ्या संदेशांत परस्पर बदल करणारी सोय) बंद करा. टीपी-लिंकमध्ये ते ॲडव्हान्स्ड, नॅट फॉरवर्डिंग, एएलजी इथे सापडतं. मग राउटर आणि एटीए दोन्ही रीस्टार्ट करा, नाहीतर जुन्या नोंदी तशाच राहतात. ओएनटी स्वतःच राउटरचं काम करत असेल आणि त्याच्या मागे तुमचा राउटर लावला असेल तर दुहेरी नॅट होतं. त्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका.

इको चुकीच्या टोकाला शोधणं

तुम्हाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर इको बहुधा समोरच्या टोकाला तयार होतोय. तुमची सेटिंग कितीही हलवा, तो जाणार नाही. समोरच्याला त्याचा आवाज परत येत असेल तर दोष तुमच्याकडे. टेलिफोनच्या दोन तारांवर दोन्ही दिशांचा आवाज एकत्र असतो. एटीएचा इम्पिडन्स (आवाजाच्या विद्युत लहरीला होणारा अडथळा) फोनशी जुळला नाही की येणारा आवाज गळून परत जातो. कारखान्यातून बहुधा अमेरिकी 600 ओहम येतो. देशांची यादी असेल तर त्यात भारत निवडून बघा. एकाच पोर्टवर समांतर जोडलेले तीन-चार फोन काढून एकच ठेवा. गेन (आवाज मोठा करण्याचं प्रमाण) वाढवायचा तर एका वेळी एक डीबी. लिंकसिस-सिस्कोच्या एसपीए मालिकेत तो मुळात उणे 3 असतो. समोरच्याला हळू ऐकू येतं म्हणून एकदम अधिक 6 केला की इको घरी बोलावलाच.

घरघर आणि खरखर सेटिंगने घालवायला जाणं

नेटवर्कमुळे आवाज तुटतो. त्याने घरघर होत नाही. साधा वायरचा फोन छोट्या कॉर्डने थेट एटीएला लावा. घरघर गेली तर दोष भिंतीतल्या वायरिंगचा. बहुधा ती विजेच्या वायरीच्या पाइपातून नेलेली असते, किंवा रोझेटमधल्या (भिंतीवरच्या टेलिफोन जोडणीच्या डबीतल्या) स्क्रूंवर पावसाळ्यात हिरवा गंज चढलेला असतो. थेट लावूनही राहिली तर पॉवर अडॅप्टर बदला. व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

एटीए घराच्या जुन्या वायरिंगला जोडताना एक्स्चेंजकडून येणारी जोडी आधी तोडा. तिच्यावर 48 व्होल्ट डीसी असतात आणि रिंग वाजताना 75च्या आसपास एसी. एटीएचा पोर्ट त्यात जळतो.

ओएनटीवरचा फोन पोर्ट विसरणं

फायबर लँडलाइनचा फोन ज्या पोर्टला लागतो तो ओएनटीच्या पोटातला एटीएच आहे. तिथली सेटिंग सहसा कंपनीने कुलूपबंद ठेवलेली असते, आणि आवाजासाठी अनेकदा वेगळा व्हीलॅन (त्याच तारेवरचा स्वतंत्र मार्ग) असतो, त्यामुळे घरातल्या अपलोडचा संशय कमी. फोन, कॉर्ड आणि रोझेट बदलून बघा. तरी फरक नाही तर तक्रार करा, पण "आवाज खराब" एवढंच लिहू नका. कॉलची वेळ, लावलेला नंबर, कोणाला ऐकू आलं नाही आणि कितव्या सेकंदाला बिघडलं, हे लिहून द्या.