डिझेल मुरलेली माती कशी साफ केली – माझा अनुभव

आधी टाकीची गळती बंद केली आणि बोअरमधल्या पाण्यावर तरंगणारं डिझेल पंपाने काढलं, कारण तो थर राहिला तर माती खालून परत खराब होत राहते. मग माती उकरून जाड प्लास्टिकवर ढीग केला. तेल खाणारे बॅक्टेरिया मातीत असतातच, विकत आणायची सहसा गरज नसते, त्यांना हवा, ओल आणि नायट्रोजन-फॉस्फरस हवं बस. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस 100:10:1 च्या आसपास धरून खत टाकलं (जास्त झालं तर बॅक्टेरियालाच त्रास), ढीग खालीवर करत राहिलो, चिखल होऊ दिला नाही. वास गेला म्हणजे झालं असं समजू नका प्लीज, लॅबमधून टीपीएच टेस्ट (मातीत एकूण किती पेट्रोलियम तेल उरलंय त्याची तपासणी) कराच, आणि पेट्रोल सांडलं असेल तर पाण्यात बेंझीनही (पेट्रोलमधलं एक रसायन) तपासा, ते पाण्यात विरघळतं आणि त्याने कॅन्सर होऊ शकतो.