मेम्ब्रेनवर काम सुरू करताय? आधी हरवलेलं कोबाल्ट शोधा

किरणोत्सारी सांडपाण्यावर काम करायला येणाऱ्यांना आरओ, नॅनोफिल्ट्रेशन वगैरे (मेम्ब्रेनमधून, म्हणजे बारीक गाळणपडद्यातून, दाबाने पाणी गाळणं) ठाऊक असतंच, म्हणून ते सोडते. मी जिथे अडकले तेवढंच सांगते.

आधी साधं, किरणोत्सारी नसलेलं कोबाल्ट घेतलं, लिटरला काही मिलिग्रॅम. रिजेक्शन, म्हणजे मेम्ब्रेनने अडवलेला वाटा, बेताचंच आलं. मग किरणोत्सारी कोबाल्ट-६० घेऊन तीच चाचणी केली, तर पर्मिएटमध्ये, म्हणजे गाळून आलेल्या पाण्यात, जवळजवळ काहीच नाही! मी लगेच अहवाल लिहायला बसले. लॅबमधल्या टेक्निशियन काकांनी एवढंच विचारलं, "फीडमधलं सगळं कॉन्सन्ट्रेटमध्ये सापडलं का?" म्हणजे आत सोडलेल्या पाण्यातलं सगळं मेम्ब्रेनने मागे ठेवलेल्या पाण्यात आहे का? नव्हतं सापडलं. निम्म्याच्या आसपास गायब होतं.

हिशेब करून बघा. लिटरला १००० बेकरेल (किरणोत्साराचं एकक) कोबाल्ट-६० म्हणजे वजनाने जेमतेम २४ पिकोग्रॅम. एवढंसं कोबाल्ट उदासीन पीएचला बाटलीला, नळ्यांना, पंपाला चिकटतं. पॉलिअमाइड मेम्ब्रेनवरच्या कार्बोक्सिल गटांवरही जाऊन बसतं. पाण्यात दिसलं नाही की आपण म्हणतो, मेम्ब्रेनने अडवलं. मिलिग्रॅमच्या पातळीला या जागा पटकन भरतात, म्हणून तिथे फसगत होत नाही. अत्यल्प प्रमाणात त्या भरायला वेळ लागतो आणि भरल्या की रिजेक्शन घसरतं. दोन तासांच्या चाचणीत हे कळणार नाही, म्हणजे नाही.

तेव्हा मेम्ब्रेन न लावता आधी पाणी नुसतंच फिरवा आणि किती घटतं ते मोजा. नमुन्यांच्या बाटल्यांत नायट्रिक ॲसिड घाला, म्हणजे कोबाल्ट बाटलीला चिकटणार नाही. शेवटी वापरलेली मेम्ब्रेनही मोजा, कारण तीसुद्धा आता किरणोत्सारी कचरा आहे. मास बॅलन्स (आत गेलेल्या आणि सापडलेल्या कोबाल्टचा हिशेब) नसलेला रिजेक्शनचा आकडा कुणी दाखवला, तर माझा त्यावर विश्वास बसत नाही. गाईडला घाई असते. हे असं काही शिकायचं तर टेक्निशियनजवळ बसा.

रिजेक्शनचे ९० टक्के आणि ९९ टक्के जवळचे वाटतात, पण डीकंटॅमिनेशन फॅक्टर (प्रमाण किती पटीने घटलं तो आकडा) १० आणि १०० येतो.

ट्रिटियमवर, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनवर, मात्र वेळ घालवू नका. ते पाण्याच्या रेणूतच असतं, आरओ त्याला वेगळं काढत नाही. फुकुशिमातही सिझियम, स्ट्रॉन्शियम काढलं तरी ट्रिटियम उरलंच; ऑगस्ट २०२३ पासून ते पाणी भरपूर पातळ करून समुद्रात सोडतात.

हिशेब पहिल्या महिन्यात जुळला नाही तर घाबरू नका. माझा जुळायला चार महिने लागले, आणि बरंचसं कोबाल्ट फीडच्या टाकीच्या तळाशी निघालं.